वळणावरची साक्ष

आरवटे, ता. संगमेश्वर
१८ नोव्हेंबर २००१

सलिल,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढे बोलणी आहेत. दोन वर्षांत आईला एक ओळ लिहावीशी वाटली नाही तुला. भांडण बापलेकांचं आणि उपास माझा! आप्पांनी भर ग्रामसभेत सांगून टाकलं होतं, की आमचा सलिल दिल्लीत खासदारांच्या समितीच्या कचेरीत आहे, तो हायवेचं हे वळण काढून देईल. तू फोनवर म्हणालास, 'आप्पा, माझं काम कागद लावायचं, रस्ते हलवायचं नाही.' त्यांची गावात शोभा झाली आणि तुझ्यापुरती दाराला कडी लागली. दोघांपैकी कोणाचंच चुकलं नाही असं मला वाटतं, आणि दोघांचाही राग येतो.

आता गंमत बघ. तीच समिती आपणहून रत्नागिरीला येते आहे. पेपरात आलंय. वाहतुकीच्या कायद्यात दुरुस्त्या करायच्या आहेत आणि प्रादेशिक आराखड्यात हायवे कसा बसवायचा तेही बघायचं आहे, म्हणून खासदार दौऱ्यावर निघालेत. जानेवारीत कलेक्टर कचेरीत लोकांचं म्हणणं ऐकणार. मुक्काम गणपतीपुळ्याला, म्हणजे अभ्यासाची सुरुवात दर्शनाने आणि शेवट सोलकढीने होणार. पण येतायत हे खरं.

गावाने निवेदन पाठवलं आहे. आप्पांनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांचा हात हल्ली दुखतो. आपल्याकडे कामाला येते त्या काशीचा नवरा विठू त्या वळणावर टँकरखाली गेला, ते पहिलं लिहिलं. मग श्रावणातलं आपल्या जीपचं. तुला कोणी कळवलं नसेल. मास्तरकीतून रिटायर झाल्यापासून आप्पा वाडीतल्या पोरांना संगमेश्वरच्या शाळेत सोडतात ना, फुकट, ती जीप पोरांसकट गटारात गेली. मोठं काही झालं नाही. त्यातल्या शिवाचा हात मोडला, तो आता पुन्हा झाडावर चढतो. पेपरात जीपचा फोटो आला, खाली 'मृत्यूचं वळण' असं छापलं होतं. गावाची सगळी भिस्त त्या फोटोवर आहे.

मी हल्ली रोज सकाळी जीपमधून जाते. पुढच्या सीटवर. हवा खायला. गाव हसतं, म्हातारपणी मास्तरीणबाईंना नवऱ्याशिवाय करमत नाही म्हणतं. हसू दे.

एक काम कर. साक्षीला आप्पांना बोलावू नये असं बघ. दुसऱ्या कोणाला बोलवा. त्यांना उगाच दगदग. कारण विचारू नकोस.

तुझ्यावर रागावलेली,
आई


५ डिसेंबर २००१

सलिल,

तुझं कार्ड मिळालं. 'समितीच्या कामासंबंधी मी घरच्यांशी पत्रव्यवहार करू शकत नाही. आप्पांचे डोळे तपासून घ्या.' वा! खाली जावक क्रमांक घालायचा राहिला बघ.

कार्ड मी पदराखाली धरून विहिरीवर जाऊन वाचलं. मग काठावर बसूनच राहिले. तुला कसं कळलं? निवेदन माझ्या अक्षरात आणि त्यांची सही ओळ सोडून मजकुरावर चढलेली, एवढ्यावरून? ज्यांच्याबरोबर दिवसभर असतो त्यांना दिसू नये, आणि दिल्लीत बसून तुला दिसावं!

मग ऐक तर. हवा खायला वगैरे काही नाही. मी भ्यायले आहे.

गेल्या वर्षी गणपतीत लक्षात आलं. त्यांनी मूर्तीला गंध लावलं ते कपाळाला नाही, सोंडेला. सगळे हसले, तेही हसले. मी हसता हसता थांबले. मग मी बघत राहिले. पेपर हातात धरायचे, पण 'अगो, मोठ्याने वाच, मला तुझा आवाज आवडतो' म्हणायचे. चाळीस वर्षांत माझा आवाज कधी आवडला नव्हता! माणूस दारात आला की तो बोलेपर्यंत नाव घेत नाहीत. एकदा दिवाळीआधी रत्नागिरीला म्हणून गेले आणि आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. खिशात तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, तिच्यावरून मी त्यांना फोन करून विचारलं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. मधलं जातं, कडेचं राहतं. म्हणजे घरात, बागेत वावरायला अडत नाही, पण जिथे बघावं तेच नेमकं दिसत नाही. औषध नाही म्हणाले. गाडी चालवतात का, असं त्यांनी विचारलं, आणि मी फोन ठेवून दिला.

श्रावणात जीप गटारात गेली तेव्हा समोरून काहीच येत नव्हतं, सलिल. रस्ता मोकळा होता. वळण आलं ते त्यांना दिसलंच नाही.

जीप दुरुस्त होऊन आली त्या दिवसापासून मी पुढच्या सीटवर बसायला लागले. आणि बोलायला लागले. 'अहो, काय तो ट्रक, केवढा लाल, येतोय मेला मधोमध.' 'सायकलवाला बघा, छत्री घेऊन डावीकडून चाललाय.' 'आलं हो मेलं विठूचं वळण.' मी वटवट करते आणि ते त्यावर जीप चालवतात. मी कशासाठी बोलते ते त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला. घरी आल्यावर दोघं चहा पितो, मोहोराबद्दल बोलतो. एक शब्द नाही काढत.

मागच्या बाकावर काशीची मुलगी ज्ञानेश्वरी असते. पाढे म्हणत असते. नवरा गेल्यापासून काशीला ती एकच आहे.

लायसन गेल्या वर्षीच नवं करून आणलंय. डोळे चांगले आहेत असा दाखला त्यांच्या एका जुन्या, आता डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्यानेच दिला. मास्तरांचे डोळे तो काय तपासणार! पाया पडला आणि सही केली.

आई


१७ डिसेंबर २००१

सलिल,

मी शहाणपणा करायला गेले आणि घात करून बसले. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

डॉक्टरचं ऐकणार नाहीत, माझं तर नाहीच. पण वाघजाईने नको म्हटलं तर तुझे आप्पा पाणीसुद्धा पिणार नाहीत, हे तुला माहीत आहे. परवा देवदिवाळीला देवळात गाव जमलं होतं. मी हरिश्चंद्र गुरवाला म्हटलं, कौल लाव. त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या लावल्या आणि म्हणाला, 'मास्तरीणबाय, काय इचारायचं? उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर नाय.'

आता सगळ्या गावासमोर काय सांगू? नवऱ्याला दिसत नाही म्हणू? काशी तिथेच उभी होती. मी म्हटलं, 'एवढंच विचार, आमची गाडी आहे तशी चालू ठेवावी का?' हरिश्चंद्राने गाऱ्हाणं घातलंन, 'म्हाराजा, या घरातली गाडी पोराबाळांच्या सेवेला हाय, ती चालू ऱ्हावावी का?' अशा विचारण्यावर देवी तरी नाही कशाला म्हणेल! उजवी कळी टपकन पडली. सगळे 'होय म्हाराजा' म्हणाले आणि आप्पांनी साष्टांग नमस्कार घातला. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. 'अगो, देवीनं परवाना दिलान,' म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा बघितला!

मी देवीलासुद्धा खरं सांगितलं नाही, आणि तिच्याकडून खऱ्याची अपेक्षा केली. आता तिचं नाव पुढे करून ते चालवतील. भीती काय असते ते मला आजवर माहीत नव्हतं. सकाळी जीप सुरू झाल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून धावते आणि शेजारी जाऊन बसते.

तू म्हणशील, सरळ समितीला लिही. तेच डोक्यात फिरतंय. पण लिहिलं तर काय होईल? आराखड्याच्या कचेरीतला माणूस सरपंचांना स्पष्ट म्हणाला आहे, की समितीच्या कागदावर वळण धोक्याचं म्हणून आलं तरच वळण टाळून जाणाऱ्या नव्या रस्त्याची रेघ नकाशावर ओढायचा विचार होईल. आणि मी म्हणू, की फोटोतली जीप वळणाने नाही, आंधळ्या ड्रायव्हरने गटारात घातली? मग कोण विचारतंय विठूला? म्हणतील, हे गावच खोटं बोलतं.

काशी काल भांडी घासता घासता म्हणाली, 'काकू, त्या वळणानं माज्या घोवाला खाल्लान. मास्तर बोललं तर सायेब ऐकतील. माजं कोण ऐकतंय?'

नाही सांगितलं तर तिची मुलगी जाईल, सांगितलं तर तिच्या नवऱ्याचं मरण वाया जाईल. सांग, मी काय करू? पत्रव्यवहार करता येत नसेल तर नुसतं कोरं कार्ड पाठव. मला तुझं अक्षर बघायचं आहे.

आई


११ जानेवारी २००२

सलिल,

तुझं पत्र आलं. चार पानं! आप्पांचं नाव साक्षीदारांत आहे हे अध्यक्षांना सांगून तू या दौऱ्यातून स्वतःचं नाव काढून घेतलंस, तेही कळलं. बरोबर केलंस. पण तू येशील, तुला लांबून तरी बघेन, असं मनात धरून बसले होते. जाऊ दे.

तू लिहितोस, 'आई, तू त्यांचे डोळे झाली आहेस म्हणून ते चालवतायत.' हे वाचून मी तुझ्यावर एवढी चिडले, की पत्र चुलीत घालणार होते. मी नसते तर पोरं कधीच गेली असती, असं तुला ओरडून सांगावंसं वाटलं. आज चिडायला जीव उरलेला नाही. काल काय झालं ते ऐक.

संक्रांतीच्या थंडीने माझा घसा बसला. सकाळी उठले तर आवाज म्हणून नाही, नुसतं फुस्स. मी खुणेने म्हटलं, आज नको. ते म्हणाले, 'पोरांची परीक्षा आहे.' बाहेर धुकं, अंगणातली तुळस दिसत नव्हती. मी शेजारी बसले. पोरं चढली. ज्ञानेश्वरीने मला गाजराचा तुकडा दिला.

हायवेला लागलो. मी डॅशबोर्डवर थापा मारत होते. ट्रकला दोन, सायकलला एक, असं काहीतरी मनाशीच ठरवलेलं. त्यांना काय कळणार! जीप एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. वळण जवळ आलं. तेव्हा ते हळूच, पोरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, 'अगो, बोल ना.'

दीड वर्षात पहिल्यांदा म्हणाले, सलिल. माझ्या गळ्यातून हवा येत होती, शब्द येत नव्हता. आणि समोर धुक्यातून लक्झरी बसचे दिवे. मी त्यांचा हात धरून स्टिअरिंग ओढलं. बस हॉर्न देत घासून गेली, आपल्या बाजूचा आरसा उडाला. मागे पोरं हसायला लागली. त्यांना वाटलं, मजा. ज्ञानेश्वरी म्हणाली, 'मास्तर, परत करा!'

त्यांनी पोरांना शाळेत सोडलं. घरी आलो. चहा प्यायलो. 'आरसा बसवून घ्यायला हवा,' म्हणाले.

माझं ठरलं आहे. रत्नागिरीला मी जाणार आहे. आवाज परत आला तर उभी राहून सांगणार आहे. गावाने थुंकलं तरी चालेल. एवढं लिहिते आहे आणि लिहितानाही वाटतं, की माझ्याने व्हायचं नाही. चाळीस वर्षं ज्याच्या पानात वाढलं, त्याला पंचवीस माणसांसमोर आंधळा म्हणायचं?

तोवर मी जीपची किल्ली तांदळाच्या डब्यात टाकली आहे. हरवली म्हणून सांगितलं. ते शोधतायत. म्हणजे हात फिरवल्यासारखं करतायत. त्यांनाही ती सापडायला नको आहे, असं मला वाटतं.

आई


२८ जानेवारी २००२

सलिल,

समितीपुढचं सगळं बोलणं शब्दशः उतरवून घेतात, आणि ती नोंद तुमच्या कचेरीत येते, असं तू लिहिलं होतंस. तेव्हा आप्पांची साक्ष तू वाचशीलच. जे त्यात नसेल ते मी लिहिते.

हॉल मोठा होता. खासदार टेबलापलीकडे, आम्ही गावचे पाचजण मागे खुर्च्यांवर. माझ्या शेजारी काशी, नवं लुगडं नेसून. भिंतीवर सगळ्या जिल्ह्याचा आराखडा लावलेला, हिरवे-पिवळे रंग, डावीकडे निळा समुद्र. आप्पांनी निवेदन तोंडपाठ म्हटलं. काय बोलले रे! शाळेत बोलत तसं, प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं. खासदार माना डोलवत होते. माझा घसा आठवड्यापूर्वीच मोकळा झाला होता. मी मनात वाक्य जुळवत होते, पुन्हा पुन्हा.

मग अध्यक्ष हिंदीत म्हणाले, 'मास्तरजी, आपण भूगोल शिकवायचात ना? मग ते वळण जरा नकाशावर दाखवा.'

आप्पा नकाशापाशी गेले. हात वर केला. आणि मान माझ्या बाजूला किंचित कलती केली.

ही कलती मान तुझ्या नोंदीत नसेल. ती फक्त मला कळली. जीपमध्ये ते अशीच करतात. मी कुठे बसले आहे हे त्यांनी आवाजावरून आधीच धरून ठेवलं होतं. ते वाट बघत होते. एक शब्द पुरला असता. 'अहो, नदीच्या काठाने उजवीकडे' एवढं म्हटलं असतं, तर लोक हसले असते, मास्तरीणबाईला राहवत नाही म्हणाले असते, आणि बोट बरोबर वळणावर गेलं असतं. मला बसल्या जागेवरून ते दिसत होतं.

काशीने मला कोपर मारलं. 'काकू, सांगा की. तुमाला ठावं हाय.'

मी बोलले नाही. जे सांगायचं म्हणून गेले होते तेही नाही आणि जे रोज सांगते तेही नाही. पदर तोंडात धरून बसले. देवाशप्पथ सांगते, तुझ्या वेळच्या कळा मला सोप्या गेल्या होत्या.

त्यांचं बोट नकाशावर टेकलं. समुद्रात. मागे कोणीतरी फिसकन हसलं. आप्पांनी ते हसू ऐकलं. बोट तसंच ठेवून उभे राहिले, मग हात खाली घेतला आणि टेबलाकडे वळले.

पुढचं तू वाचशील. 'मला नकाशा दिसत नाही. दीड वर्ष झालं. निवेदनातली जीप वळणाने नाही, मी गटारात घातली. तो फोटो काढून टाका.' लायसनचा दाखला कोणी दिला असं एका बाई खासदारांनी विचारलं, तर म्हणाले, 'त्याचं नाव मी घेणार नाही. त्याने माझे डोळे बघितले नाहीत, मी त्याचा मास्तर होतो तेवढं बघितलंन. कायदा असा करा, की ओळखीच्या माणसाला अशी सही करता येऊ नये.' सगळे भराभरा लिहायला लागले.

सरपंचांनी कपाळाला हात लावला. सगळं बुडालं असंच मलाही वाटलं. तेव्हा काशी उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. 'विठूचं नाव ऱ्हावं दे,' म्हणाली. 'त्येचं डोळं चांगलं व्हतं.' एवढंच बोलून खाली बसली. दुभाष्याने ते हिंदीत सांगितलं आणि अध्यक्षांनी ते पुन्हा सांगायला लावलं. नोंदीत आहे का, तेवढं बघ. ते गळता कामा नये.

परत येताना एसटीत काशी पुढे जाऊन बसली. मागे वळून बघितलं नाही. तिची मुलगी मी महिनोन्महिने कशात बसवत होते ते तिला कळलं होतं. मी तिच्या जागी असते तर झिंज्या उपटल्या असत्या. आप्पा खिडकीशी होते. हातखंबा गेल्यावर म्हणाले, 'अगो, आज बोलली नाहीस.' मी म्हटलं, 'नाही.' मग त्यांनी माझा हात धरला, भर एसटीत, आणि म्हणाले, 'आता बोल. बाहेर काय आहे?' मी सांगायला लागले. काजूला मोहोर आलाय. कोणाची तरी म्हैस सुटलीय. कातळावर गवत पिवळं पडलंय. ट्रकचं नाव नाही काढलं.

जीप आता झाकून ठेवली आहे. पण भीती संपली असं समजू नकोस. पोरांना एसटीने जायचं तर थांबा वळणाच्या पलीकडे, म्हणजे तोच हायवे पायी ओलांडायला हवा. तुमची रेघ नकाशावर यायला किती वर्षं लागतील कोणास ठाऊक. म्हणून आम्ही दोघं सकाळी वळणावर जाऊन उभी राहतो. आप्पांनी शाळेतली जुनी शिट्टी काढली आहे. मी 'आला' म्हटलं की ते वाजवतात, पोरं जागच्या जागी थांबतात. पण आमच्या बाजूने वळणाचं एकच अंग दिसतं. पलीकडून काय येतंय ते कळत नाही, आणि पोरं तर मधोमध असतात. चार दिवस असंच चाललं होतं. काशी कामालाही आली नव्हती.

आज सकाळी पलीकडच्या अंगाला ती उभी होती. हातात तांबडं फडकं. माझ्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत होती. आप्पांनी विचारलं, 'कोण आहे गो तिथे?' मी म्हटलं, 'काशी.' तिने फडकं खाली केलं, मी 'जा' म्हटलं, आणि ज्ञानेश्वरीचा हात धरून पोरं पलीकडे गेली.

तू ये. दाराला कडी नाही. आप्पांनी स्वतः काढली, चाचपडत.

आई